हायलँड औपचारिक पोशाख : बेताच्या खर्चात खरेदीचे मार्ग

स्कॉटलंडमध्ये विवाह, विद्यापीठांचे पदवीदान समारंभ, ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यू दिन, ३१ डिसेंबरचा वर्षअखेरीचा उत्सव आणि कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणार्थ २५ जानेवारीच्या सुमारास होणारी भोजने अशा प्रसंगी पुरुषांनी किल्ट परिधान करण्याची प्रथा आहे. किल्ट, आखूड जॅकेट, कमरेपुढे लोंबणारी स्पोरन नावाची थैली, जाड लोकरी मोजे आणि काळे बूट असा हा पोशाख असतो. स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिमेकडील डोंगराळ भागास हायलँड्स म्हणतात, त्यावरून त्याला हायलँड पोशाख हे नाव मिळाले.

हा पोशाख स्वस्त नाही. हाताने शिवलेल्या, पूर्ण घेराच्या लोकरी किल्टची किंमत साधारणपणे ४०० पौंडांपासून पुढे असते. जॅकेट, स्पोरन, बूट व इतर वस्तू धरून सर्व संच नवा घेतल्यास खर्च सहज १,००० पौंडांच्या पुढे जातो. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबात विवाहप्रसंगी वरासह त्याच्या भावांना व मित्रांना असा पोशाख करावा लागला, तर खर्चाचा भार लक्षणीय होतो. एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन, डंडी किंवा सेंट अँड्र्यूज येथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढेही, त्यांत महाराष्ट्रातून गेलेले विद्यार्थीही आले, हाच प्रश्न उभा राहतो. परंतु या पोशाखाचा औपचारिकपणा मोजक्याच वस्तूंवर अवलंबून असतो. त्या वस्तू ओळखून त्यांवर पैसा खर्च करणे आणि उरलेल्या वस्तू साध्या ठेवणे, हा काटकसरीचा खरा मार्ग आहे.

नियम कोठून आले?

या पोशाखाविषयीचे बरेचसे नियम समजले जातात तितके प्राचीन नाहीत. हायलँड्समधील जुना पोशाख म्हणजे एक लांबरुंद लोकरी वस्त्र होते. ते कमरेभोवती निऱ्या घालून पट्ट्याने बांधत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. अठराव्या शतकात या वस्त्राचा केवळ खालचा भाग वेगळा होऊन आजचा छोटा किल्ट रूढ झाला.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत स्टुअर्ट घराण्याच्या समर्थकांचा पराभव झाल्यावर ब्रिटिश संसदेने कायदा करून पुरुष व मुलांना हायलँड पोशाख करण्यास बंदी घातली. ही बंदी १ ऑगस्ट १७४७ पासून अमलात आली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांचा कारावास आणि दुसऱ्या गुन्ह्यास सात वर्षे हद्दपारी अशी शिक्षा होती. लष्कराला मात्र सूट होती. त्यामुळे हायलँड पलटणींनी हा पोशाख टिकवून ठेवला. अशाच पलटणींपैकी ७४वी व ७८वी या दोन पलटणी २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मराठ्यांच्या फौजेविरुद्ध लढल्या होत्या. भारतीय लष्करातील बॅगपाइप वाजवणारी बँडपथके ही त्याच लष्करी परंपरेची आपल्याकडे राहिलेली खूण होय.

बंदीचा कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा त्याच्या स्वागताची आखणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केली होती आणि त्यात टार्टन कापडाला मानाचे स्थान दिले होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ही आवड अधिक वाढली. संध्याकाळच्या समारंभासाठी सर्रास वापरले जाणारे ‘प्रिन्स चार्ली’ जॅकेट तर विसाव्या शतकात रूढ झाले. सांगायचे तात्पर्य असे की, ठरावीक संच ठरावीक दुकानातून घेतलाच पाहिजे, असा कोणताही जुना दंडक नाही. प्रसंगाला शोभणारा, स्वच्छ आणि नीट मापाचा पोशाख एवढीच अपेक्षा असते.

किल्ट : कापड आणि घेर

पोशाखातील मुख्य वस्तू किल्ट असल्याने उपलब्ध रकमेचा मोठा भाग तिच्यावर खर्च करणे योग्य ठरते. पूर्ण घेराच्या किल्टला आठ वार कापड लागते. नऊवारी साडीशी परिचित असलेल्या मराठी वाचकांना या लांबीची कल्पना सहज येईल. कापडाचा पन्हा दुहेरी असल्यास चार वार कापड मधोमध उभे कापून त्यातून आठ वारांची लांबी मिळवली जाते. यातील बरेचसे कापड मागच्या बाजूच्या निऱ्यांमध्ये जाते. पुढचा भाग सपाट राहतो आणि वरचा पदर उजव्या बाजूस बंद होतो.

कापडाचे वजन औंसात सांगितले जाते. १० किंवा ११ औंसांचे कापड हलके, १३ औंसांचे मध्यम आणि १६ औंसांचे जड समजले जाते. जड कापडाच्या निऱ्या चांगल्या पडतात, चालताना डौल येतो आणि वारंवार इस्त्री करावी लागत नाही. क्वचित वापर होणार असेल तर १३ औंसांचे कापड पुरेसे आहे.

स्वस्त किल्टमध्ये तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार अ‍ॅक्रिलिक धाग्याचा. बाजारात त्याला कधी कधी ‘अ‍ॅक्रिलिक वूल’ म्हटले जाते, पण त्यात लोकर असेलच असे नाही. त्याच्या निऱ्या लवकर मोडतात आणि काही वापरांनंतर कापडावर गोळे येतात. दुसरा प्रकार पॉलिएस्टर व व्हिस्कोस यांच्या मिश्रणाचा. तो घरी धुता येतो, त्याच्या निऱ्या बऱ्यापैकी टिकतात आणि त्यात लोकर नसल्याने कसर लागण्याची भीतीही नसते. पावसात वाजवणाऱ्या बँडपथकांना व सतत वापर करणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. औपचारिक प्रसंगीही तो चालून जातो, मात्र लोकरीचा भारदस्तपणा त्यात येत नाही. तिसरा प्रकार हलक्या लोकरीचा, यंत्राने शिवलेला. मर्यादित रकमेत समारंभासाठी नवा किल्ट हवा असेल तर हाच प्रकार बहुधा सर्वांत समाधानकारक ठरतो.

खर्च कमी करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे कमी घेराचा किल्ट. चार वार कापडात रुंद पेटीसारख्या निऱ्या घालून किल्ट शिवता येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिवलेल्या किल्टना साधारण एवढेच कापड लागत असे. म्हणजे ‘चार वारी’ किल्ट ही तडजोड नसून तिलाही परंपरेचा आधार आहे.

माप घेण्याची रीत

किल्ट पँटपेक्षा वर, म्हणजे साधारण बेंबीच्या पातळीवर नेसला जातो. त्यामुळे पँटचा कंबरेचा आकडा सांगून किल्ट मागवणे धोक्याचे असते. बेंबीपाशी कंबरेचा घेर, नितंबांचा सर्वांत रुंद घेर आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची उंची अशी तीन मापे दुसऱ्या व्यक्तीकडून घ्यावीत. स्वतःचे माप स्वतः घेताना वाकावे लागते आणि आकडा चुकतो.

लांबी योग्य आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी : किल्ट नेसून जमिनीवर गुडघे टेकून ताठ राहावे. किल्टची कड जमिनीपासून सुमारे एक इंच वर राहिली, तर लांबी बरोबर आहे. कड जमिनीवर लोळत असेल तर किल्ट लांब आहे.

जुना किल्ट घेताना लांबीला विशेष महत्त्व आहे. किल्टची खालची कड ही दुमडून शिवलेली नसते, तो कापडाचाच विणलेला काठ असतो. त्यामुळे किल्ट खालून आखूड करणे किंवा वाढवणे व्यवहारात जमत नाही. कंबरेचा प्रश्न तितका अवघड नाही. पट्टे व बक्कल काढून पुन्हा शिवल्यास एखाद-दोन इंचांचा फरक सामावून घेता येतो. म्हणून जुन्या बाजारात खरेदी करताना आधी लांबी पाहावी, मग कंबर, आणि टार्टनचा विचार सर्वांत शेवटी करावा.

जॅकेट

किल्टबरोबर घालायचे जॅकेट नेहमीच्या कोटापेक्षा आखूड असते. तसे नसल्यास स्पोरन झाकली जाते आणि किल्टचा आकार बिघडतो. समारंभांत दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात. प्रिन्स चार्ली हे काळे जॅकेट तीन बटणांच्या जाकिटासह व बो टायसह घातले जाते. ते संध्याकाळच्या समारंभासाठीच योग्य समजतात. अर्गाइल जॅकेटचा पुढचा भाग स्पोरनसाठी गोलाकार कापलेला असतो. काळ्या कापडाच्या, रुपेरी बटणांच्या अर्गाइल जॅकेटवर दिवसा लांब टाय आणि संध्याकाळी बो टाय बांधता येतो.

एकच जॅकेट घेणे शक्य असेल तर काळे अर्गाइल जॅकेट घ्यावे, हा व्यवहारी सल्ला आहे. विवाह, पदवीदान, रात्रीचे भोजन आणि मुलाखतीसारखा गंभीर प्रसंगही त्यावर निभावतो. प्रिन्स चार्ली अधिक झगमगीत दिसते, परंतु वर्षातून एखाद्याच संध्याकाळी बाहेर निघते.

याहूनही कमी खर्चाचा उपाय म्हणजे जुना ट्वीडचा किंवा साध्या लोकरीचा सूटचा कोट घेऊन शिंप्याकडून पुढून गोलाकार कापून घेणे. त्यासाठी आखूड मापाचा आणि खिसे बऱ्यापैकी वर असलेला कोट निवडावा. खिसे खाली असल्यास कापताना ते मध्ये येतात. दिवसाच्या समारंभाला असा कोट उत्तम शोभतो. महाराष्ट्रातून शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी सराईत कोट शिवणाऱ्या शिंप्याकडून येथेच जाकीट व आखूड कोट शिवून घेतल्यास ब्रिटनमधील शिलाईच्या तुलनेत मोठी बचत होऊ शकते. मात्र शिंप्याला छायाचित्र दाखवून भागत नाही. कोटाची मागची लांबी, पुढच्या कापाची उंची आणि बटणांच्या जागा मोजून लिहून द्याव्या लागतात.

स्पोरन, मोजे आणि बूट

किल्टला खिसे नसतात, म्हणून स्पोरनची गरज. समारंभासाठीच्या स्पोरनवर फर आणि धातूची नक्षीदार चौकट असते. दिवसाच्या वापराची स्पोरन साध्या चामड्याची असते. चामड्यावर थोडी फर किंवा धातूचे काम असलेली मधली जातही मिळते. काटकसर करणाऱ्यांनी काळ्या चामड्याची, साधी पण चांगल्या शिवणीची स्पोरन घ्यावी. ती कोणत्याही प्रसंगी खटकत नाही. जुन्या स्पोरन अनेकदा सीलच्या कातडीच्या असतात. सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९७२ मध्ये झालेल्या कायद्यामुळे अमेरिकेत सीलच्या कातडीच्या वस्तू आणता येत नाहीत. इतर देशांतही वन्य प्राण्यांच्या फरविषयी निर्बंध आहेत. त्यामुळे परदेश प्रवास करणाऱ्यांनी फर कोणत्या प्राण्याची आहे हे विचारूनच खरेदी करावी.

मोजे जाड लोकरीचे, गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटे अंतर ठेवून दुमडलेले असावेत. दुमडीखालून रंगीत फितींची टोके दिसतात. भाड्याच्या संचात बहुधा पांढरट मोजे मिळतात. काळपट निळे, गडद हिरवे किंवा राखी मोजेही तितकेच योग्य आहेत, आणि त्यांवर मळ कमी दिसतो. मोज्यांवर फार काटछाट करू नये. पातळ मोजे नृत्याच्या वेळी घसरून घोट्यापाशी गोळा होतात आणि सारा पोशाख विस्कटलेला दिसतो.

जीभ नसलेले व घोट्यावर लांब नाड्या गुंडाळलेले ‘गिली’ बूट छायाचित्रांत नेहमी दिसतात. परंतु ते आवश्यक नाहीत. घरात असलेले साधे, काळे, नाडीचे चामडी बूट नीट पॉलिश करून घातल्यास चालतात. या एकाच निर्णयाने खर्चाचा एक मोठा आकडा यादीतून वजा होतो.

वगळता येण्याजोग्या वस्तू

खांद्यावरील टार्टनचे वस्त्र, त्याला लावायचे मोठे पदक, नक्षीदार बक्कल असलेला रुंद पट्टा आणि टोपी या वस्तू नसल्या तरी काही बिघडत नाही. जाकीट घातल्यास पट्टा न वापरण्याचीच परंपरा आहे. किल्टच्या पुढील खालच्या कोपऱ्यात लावायची पिन स्वस्त असते. ती केवळ वरच्या पदराला लावावी. दोन्ही पदरांतून आरपार टोचल्यास चालताना ताण येऊन कापड फाटते.

उजव्या मोज्यात खोचायची ‘स्कियन डू’ नावाची छोटी सुरीही ऐच्छिक आहे. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी धारदार वस्तू बाळगण्यास बंदी करणाऱ्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून वापरलेल्या वस्तूसाठी बचावाची तरतूद आहे. तथापि काही समारंभस्थळी ती नेऊ देत नाहीत, आणि विमानात हातातील सामानातून ती नेता येत नाही. ज्यांना केवळ शोभेसाठी हवी आहे त्यांनी पाते नसलेली, फक्त मूठ असलेली नक्कल घ्यावी किंवा ही वस्तू सोडून द्यावी.

भाड्याने, जुना की नवा?

प्रसंग एकदाच येणार असेल तर पोशाख भाड्याने घेणे योग्य. स्कॉटलंडमधील बहुतेक मोठ्या गावांत अशी दुकाने आहेत आणि पूर्ण संच काही दिवसांसाठी मिळतो. विवाहात अनेकांचे पोशाख एकाच ठिकाणाहून घेतल्यास वराचा संच विनामूल्य देण्याची सवलत काही दुकाने देतात. त्याची चौकशी आधी करावी. अनामत रक्कम, उशिरा परत केल्यास आकारणी आणि डागांबद्दलचा दंड या तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात.

वरचेवर प्रसंग येणार असतील तर हिशेब बदलतो. समजा, भाडे दर वेळी ९० पौंड आहे. तीन समारंभांचे २७० पौंड होतात आणि हाती काहीच राहत नाही. याउलट जुना लोकरी किल्ट १०० पौंडांना, जॅकेट व जाकीट ७० पौंडांना, स्पोरन ३० पौंडांना आणि मोजे व फिती २५ पौंडांना मिळाल्या, बूट घरचेच वापरले, तर एकूण २२५ पौंडांत पोशाख कायमचा आपला होतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावातील दर घेऊन अशीच बेरीज मांडावी.

जुना पोशाख मिळण्याची ठिकाणे अनेक आहेत. भाड्याची दुकाने ठरावीक वापरानंतर आपले संच विक्रीस काढतात. त्यांतील जॅकेट बहुधा चांगल्या स्थितीत असतात, कारण वापर कमी तास होतो आणि प्रत्येक वेळी साफसफाई होते. सेवाभावी संस्थांच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत किल्ट अधूनमधून येतात. एडिंबराच्या ग्रासमार्केट भागात जुन्या कपड्यांची दुकाने आहेत, तर ग्लासगोचा ‘बॅराज’ हा आठवडी बाजार प्रसिद्ध आहे. सैन्यातून निघालेले किल्टही विक्रीस येतात. २८ मार्च २००६ रोजी स्कॉटलंडमधील पायदळाच्या पलटणी एकत्र करून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड स्थापन झाली. तत्पूर्वीच्या पलटणींचे, जड लोकरीचे व मजबूत शिलाईचे किल्ट अजूनही जुन्या लष्करी मालाच्या विक्रेत्यांकडे आढळतात. कुटुंबातील आजोबांचा किल्ट नातवाने घालणे ही तर स्कॉटलंडमधील जुनीच रीत आहे.

जुन्या वस्तूची तपासणी

किल्ट उजेडासमोर धरून पाहावा. कसर लागली असल्यास बारीक छिद्रांतून प्रकाश दिसतो. निऱ्यांच्या आतल्या बाजूस छिद्रे लपलेली असतात, म्हणून प्रत्येक निरी उघडून पाहावी. कंबरेच्या आतील अस्तर, बक्कलांचे पट्टे आणि निऱ्यांची वरची शिवण यांची झीज तपासावी. पट्टे बदलणे स्वस्त आहे, पण सर्व निऱ्या पुन्हा शिवणे महाग पडते. जॅकेटच्या बाबतीत खांदे मापाचे असणे महत्त्वाचे. बाह्या आखूड करता येतात, खांदे बदलणे अवघड असते.

घरी आणल्यावर जुना लोकरी किल्ट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे घरच्या फ्रीझरमध्ये ठेवावा. त्यामुळे कसरीची अंडी व अळ्या मरतात. ड्राय क्लीनिंगला देण्यापूर्वी निऱ्या लांब टाक्यांनी धावदोऱ्यात पकडून ठेवाव्यात, म्हणजे त्या मोडत नाहीत. किल्ट घडी घालून न ठेवता टांगून ठेवावा.

टार्टनची निवड

टार्टन म्हणजे ठरावीक रंगांच्या धाग्यांचे, उभ्याआडव्या विणीतून तयार होणारे चौकड्यांचे कापड. अनेक टार्टन विशिष्ट कुळांच्या नावाने ओळखले जातात. त्यामुळे ‘आपल्या कुळाचे नसलेले टार्टन घालता येते का?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कायद्याने अशी मनाई नाही. राजघराण्यासाठी राखीव असलेले ‘बॅल्मोरल’ टार्टन हा संकेताने पाळला जाणारा अपवाद आहे. ज्यांचा कोणत्याही कुळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी ‘ब्लॅक वॉच’ किंवा ‘हंटिंग स्टुअर्ट’ यांसारखी सर्वांना खुली समजली जाणारी टार्टन आहेत. जिल्ह्यांच्या व शहरांच्या नावांची टार्टनही आहेत. स्कॉटलंडमधील शीख समाजासाठी ‘सिंग’ टार्टनही तयार करण्यात आले आहे. टार्टनची अधिकृत नोंदवही ५ फेब्रुवारी २००९ रोजी सुरू झाली असून ती संगणकावर विनामूल्य पाहता येते.

खर्चाच्या दृष्टीने पाहता, सतत विणले जाणारे टार्टन स्वस्त आणि दुर्मीळ टार्टन महाग, कारण दुर्मीळ टार्टन मुद्दाम विणून घ्यावे लागते. एकाच टार्टनच्या रंगछटा गिरणीगणिक वेगळ्या असतात. म्हणून टाय, फिती किंवा उपरणे टार्टनचे घेण्याऐवजी एकरंगी घेतल्यास रंग न जुळण्याचा प्रश्न उरत नाही आणि पैसेही वाचतात.

महिलांचा पोशाख

महिलांच्या औपचारिक हायलँड पोशाखात लांब पोशाखावर टार्टनचा पट्टा खांद्यावरून घेऊन पदकाने अडकवण्याची प्रथा आहे. सामान्यतः तो उजव्या खांद्यावर घेतात. कुळप्रमुखाची पत्नी तो डाव्या खांद्यावर घेते. हा लोकरी किंवा रेशमी पट्टा किल्टच्या तुलनेत फारच कमी कापडात होतो. घरी असलेल्या साध्या, एकरंगी लांब पोशाखावर तो उठून दिसतो. त्यामुळे महिलांना कमीत कमी खर्चात प्रथा पाळता येते.

कर आणि मागणीनुसार खरेदी

ब्रिटनमध्ये मोठ्यांच्या कपड्यांच्या किमतीत २० टक्के मूल्यवर्धित कर समाविष्ट असतो. परदेशी पर्यटकांना सामानातून नेलेल्या खरेदीवर हा कर परत मिळण्याची सोय ३१ डिसेंबर २०२० रोजी इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये बंद झाली. मात्र दुकानदाराने माल थेट परदेशातील पत्त्यावर पाठवल्यास तो करमुक्त विकता येतो. काही दुकाने ही सोय देतात. भारतात माल मागवल्यास येथील सीमाशुल्क लागू शकते, ते धरूनच तुलना करावी.

पाकिस्तानातील सियालकोट येथे बॅगपाइप, किल्ट व स्पोरन मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि संगणकावरून फार स्वस्त दरात विकल्या जातात. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी अशा परदेशी मागणीवर मूल्यवर्धित कर आणि १३५ पौंडांहून अधिक किमतीच्या मालावर आयात शुल्क लागू शकते हे लक्षात ठेवावे. कापडाचा धागा, वजन, घेर आणि परत करण्याच्या अटी लेखी मिळाल्याशिवाय मागणी नोंदवू नये. सर्व वस्तू एकत्र असलेला अतिस्वस्त संच मोहात पाडतो, परंतु त्यात बहुधा किल्टच सर्वांत कच्चा असतो. स्पोरन, पिन, फिती यांसारख्या वस्तू स्वस्त घेण्यास हरकत नाही.

आपला पोशाखही मान्य

निमंत्रणपत्रिकेवर ‘हायलँड पोशाख’ असे लिहिले असले, तरी स्कॉटलंडबाहेरील पाहुण्यांवर त्याची सक्ती क्वचितच असते. काळा सूट चालतो. अनेक औपचारिक निमंत्रणांत राष्ट्रीय पोशाखाचा उल्लेख असतो, अशा वेळी बंद गळ्याचा कोट, शेरवानी किंवा साडी हा तितकाच सन्मान्य पोशाख ठरतो. म्हणून केवळ संकोचापोटी कर्ज काढून किल्ट घेण्याचे कारण नाही. यजमानांना आधी विचारणे हा सर्वांत बिनखर्चाचा उपाय आहे.

खरेदीचा क्रम

ज्यांना हा पोशाख स्वतःचा हवा आहे त्यांनी तो टप्प्याटप्प्याने जमवावा. प्रथम योग्य लांबीचा लोकरी किल्ट, नवा नाही तर जुना. त्यानंतर काळे अर्गाइल जॅकेट. मग चामड्याची साधी स्पोरन आणि जाड मोजे. बूट व पांढरा सदरा घरचा. उरलेल्या वस्तू सवडीने, किंवा भेट म्हणून मिळतील तेव्हा. एकाच किल्टवर जॅकेट व टाय बदलून दिवसाचा आणि संध्याकाळचा असे दोन्ही प्रसंग साजरे होतात. नीट जपलेला लोकरी किल्ट अनेक दशके टिकतो आणि पट्टे हलवून पुढच्या पिढीच्या कंबरेलाही बसतो. एकदा विचारपूर्वक केलेला खर्च वर्षांवर वाटला गेला, की हा महाग वाटणारा पोशाख सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येतो.